लक्ष्मीबाई टिळक : पंगतीतून उठवलेली बाई

आपल्या शहापूर-मुरबाड भागातून दोन मोठे रस्ते जातात. कल्याणहून निघालेला एक रस्ता शहापूर, कसारा घाट करत नाशिकला पोचतो. दुसरा मुरबाडवरून माळशेज चढतो आणि नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला उतरतो. आज ज्या बाईंविषयी सांगणार आहे त्यांचा जन्म पहिल्या रस्त्याच्या टोकाला झाला आणि संसार दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला. त्यांच्या नवऱ्याचं बालपण मात्र जिथून हे दोन्ही रस्ते निघतात त्या कल्याणात गेलं. लक्ष्मीबाई टिळक आपल्याला वाटतात तितक्या लांबच्या नाहीत, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

विषय निवडण्याचं कारण सांगतो. मधल्या सुट्टीत मुलं गोल करून डबा खातात आणि एखादं मूल व्हरांड्याच्या खांबाला टेकून एकटंच बसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मैत्रीण दुसरीबरोबर बसायला लागली म्हणून आठवडाभर न बोलणाऱ्या मुलीही आपल्या वर्गात असतात. हे लहानांपुरतंच आहे असंही नाही. स्टाफरूममध्ये आपल्याला न सांगता इतरांचं काही ठरलं की आपल्यालाही लागतंच की! या दुखण्यावर उपदेशाचे चार शब्द सांगण्यापेक्षा एक आयुष्य सांगावं, असं मला वाटतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूर गावचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. आईचे वडील जोगळेकर यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. त्याचा धक्का जावयाला, म्हणजे मनूच्या वडिलांना असा बसला की त्यांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. हे आपण आज हसत वाचतो, आणि बाईंनीही 'स्मृतिचित्रे'मध्ये ते हसत हसतच लिहिलंय. पण त्या घरातल्या लहान मुलीच्या मनावर काय ठसलं असेल, ते बघा. जग म्हणजे विटाळ, दुसरा माणूस म्हणजे विटाळ. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालं, नारायण वामन टिळकांशी. (मुलं इथे हमखास गल्लत करतात. हे लोकमान्य नव्हेत. 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे कवी टिळक ते हे.) टिळकांची आई ते लहान असतानाच गेली, वडील तापट, आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला, तिथे संस्कृत शिकला. माणूस बुद्धीचा, प्रेमळ, पण एका जागी टिकणारा नव्हे. आज इथे नोकरी, उद्या तिथे. मनात आलं की निघाले. हातात पैसा आला की भेटेल त्याला वाटून मोकळे. बायकोने पै-पै जमवायची आणि यांनी कुणा अनोळखी माणसाला घरी आणून पंगतीला बसवायचं. तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर या प्रसंगांवर खूप हसला असाल. पण त्या हसण्याखाली एका बाईचं दुखणं आहे. नवरा जगाचा आहे, फक्त माझा नाही. मी याला सरळ मत्सरच म्हणेन. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

आणि मग या मत्सराला एक असा प्रतिस्पर्धी मिळाला, ज्याच्याशी भांडताही येईना.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ख्रिस्ती शास्त्राचं पुस्तक दिलं. ते वाचून ते त्यात ओढले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी विश्वासात घेतलेलं नव्हतं. लहानगा दत्तू कडेवर आणि नवरा असा एकाएकी दुसऱ्या जगात निघून गेलेला. लक्ष्मीबाईंनी अक्षरशः अंथरूण धरलं.

आता त्या काळच्या ब्राह्मण घरात या बाईची जागा कोणती, ते विचारात घ्या. नवरा जिवंत, म्हणून कुंकू आहे. पण नवरा बाटलेला, म्हणजे समाजाच्या लेखी मेलेला. सवाशीण म्हणून हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? पंगतीत कुठे बसवायचं? कुणालाच धड उत्तर माहीत नव्हतं, आणि उत्तर माहीत नसलं की लोक सोपं तेच करतात, टाळतात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर उठणं-बसणं, त्यांच्या नजरेत आज कीव किंवा कुतूहल. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी मात्र पाठीशी उभं राहून सांभाळलं. त्यांच्याकडे, पंढरपूर-नाशिककडे दिवस काढले. आपल्या विषयाच्या दृष्टीने भिकूताई मला फार मोलाची वाटते. शंभर जण तोंड फिरवतात तेव्हा एक माणूस पुरतं, पण तो एक लागतोच. वर्गातल्या एकट्या मुलासाठी तो एक कोण, हे शिक्षकाने शोधून ठेवावं.

या काळात लक्ष्मीबाईंनी आणखी एक गोष्ट केली. दुःखाच्या ओव्या-कविता रचायला लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. टिळकांनी लग्नानंतर अक्षरओळख करून दिलेली, जोडाक्षरं शेवटपर्यंत अडायची. शुद्धलेखनाचे गुण कापताना हे आपणही आठवावं.

तिकडून टिळकांची पत्रं येत होती. तू तुझा धर्म पाळ, पण एकत्र राहू, असा त्यांचा सूर. चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला गेल्या. गोष्ट इथे सुखान्त व्हायला हवी होती ना? नाही झाली. नवरा मिळाला, पण सोवळं सुटलं नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी. नवऱ्याच्या ताटाला ताट लागू द्यायचं नाही. आजूबाजूची ख्रिस्ती मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून आलेली, अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला असलेली. त्यांच्यात ही बाई अंग चोरून वावरायची. जुन्या पंगतीतून उठवलेली, आणि नव्या पंगतीत बसायला स्वतःच तयार नसलेली!

मला या चरित्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. आपल्याला वगळलं गेलं याचं दुःख करणारी बाई त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी वगळत होती. त्या बायकांनी प्रेमाने पाणी पुढे केलं असेल आणि हिने हात मागे घेतला असेल, तर त्यांना काय वाटलं असेल? जलालपूरच्या त्या धुतलेल्या घराची आठवण ठेवा म्हटलं होतं, ती यासाठी. आपल्या भागात आदिवासी वाड्या-पाड्यांवरची मुलं आणि गावातली मुलं एका वर्गात बसतात. कोण कुणाच्या डब्यातलं खातं आणि कोण नाही, हे जरा नीट बघा. जो स्वतः बाजूला पडल्याचं रडगाणं गातो, तो कुणाच्या शेजारी बसायला नकार देतो तेही बघा. दोन्ही एकाच मुलात सापडतील.

बदल झाला तो राहुरीला. कुठल्या मोठ्या व्याख्यानाने नव्हे, टिळकांच्या आग्रहानेही नव्हे. टिळकांनी या बाबतीत कधी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या लेखी जमा. एके दिवशी बाई विचार करत बसल्या. जनावरांत जाती दिसतात, कारण देवाने ती वेगवेगळ्या आकाराची केली. माणसामाणसांत तसा फरक दिसत नाही. मग ही जात आली कुठून? देवाने केली नाही, माणसाने केली. एवढा साधा हिशेब, पण तो त्यांनी स्वतः केला होता, म्हणून पक्का बसला. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं आणि पाळलं. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्या. आधी पाण्याचा पेला घेतला, धर्मांतर नंतर.

पुढचं घर तुम्हाला ओळखू येणार नाही. अनाथ पोरं, शिकणारी मुलं, आजारी माणसं, कोण येईल त्याला जागा. ज्या बाईला नवऱ्याने आणलेला पाहुणा खुपायचा, तिच्या स्वयंपाकघरात आता मोजदाद नव्हती. म्हणजे कुरकुर संपली असं समजू नका. टिळकांशी वाद होत, रुसवे होत, बाई फटकन बोलत. स्वभाव बदलत नसतोच. फक्त दार उघडं राहिलं.

या घरात आलेल्यांपैकी एक तर मराठीतला मोठा कवी. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोरसवदा मुलाने सगळ्यांना चकित केलं, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी नगरला ठेवून घेतलं. ठोमरे हिंदूच राहिले, टिळक ख्रिस्ती, आणि दोघांत बाप-लेकाची माया. ठोमरे हळवे, रुसणारे. त्यांची समजूत घालायचं काम बहुतेक लक्ष्मीबाईंकडे. रुसलेल्या मुलाला कसं परत आणायचं हे त्यांना कळत होतं, कारण रुसून बसणं काय असतं ते त्यांनी भोगलेलं होतं. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, तेव्हा वयाची तिशीही झाली नव्हती.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे पुन्हा तेच, नवरा कुठल्या तरी मोठ्या हाकेला ओ देऊन निघालेला आणि घरात पैसा नाही. या वेळी मात्र बाई मागे राहिल्या नाहीत. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले.

आता मत्सराचा शेवटचा हिशेब बघा. टिळक 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहीत होते, ते दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट राहिलं. ज्या ख्रिस्ताने एकेकाळी आपला नवरा हिरावून नेला असं वाटलं होतं, त्याचंच हे चरित्र. आणि ज्या नवऱ्याच्या कवितेपुढे आपली कविता म्हणजे चुलीपुढची गुणगुण, त्याचं हे काम. लक्ष्मीबाईंनी साठाहून जास्त अध्याय लिहून ते पुरं केलं. दुसऱ्याचं अपुरं काम त्याच्याच नावाच्या शेजारी बसून पुरं करायचं, हे मत्सर शिल्लक असताना होत नाही. गटकार्य देताना कधीतरी मुलांना हे सांगून पाहा.

मुलगा देवदत्त, म्हणजे तोच कडेवरचा दत्तू, आईच्या मागे लागला आणि 'स्मृतिचित्रे' लिहून झालं. पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या.

आठवी-नववीच्या मुलांना हे पुस्तक वाचून दाखवणार असाल तर सुरुवात सोवळ्याच्या प्रकरणापासून करा, मुलं हसून लोळतील. राहुरीचा भाग वाचाल त्या दिवशी मात्र लगेच प्रश्न विचारू नका. मधली सुट्टी होऊ द्या, आणि डबे उघडताना कोण कुठे सरकतं ते लांबून बघा.