शर्यत चौघांची

मी पोहायला शिकलो गावच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. म्हणूनच वाचनालयात ड्यूक कहानामोकूचे चरित्र हाती आले तेव्हा हा माणूस मला आपल्यातलाच वाटला.

ड्यूक १८९० साली हवाई बेटांतील होनोलुलू येथे जन्मला. शाळा अर्धवटच सुटली. समुद्र हीच त्याची तालीम. १९११ साली बंदराच्या पाण्यात त्याने १०० यार्ड ५५.४ सेकंदांत कापले. जुना विक्रम ४.६ सेकंदांनी मागे पडला. पण अमेरिकेतील अधिकाऱ्यांना ते खरेच वाटेना. त्यांनी नोंद नाकारली. उत्तर मिळाले १९१२ साली स्टॉकहोमला! १०० मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक आणि ४ × २०० मीटर रिलेत रौप्यपदक.

महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक झालेच नाही. उमेदीची वर्षे गेली. तरीही १९२० साली अँटवर्पला, तिशीत, त्याने १०० मीटर पुन्हा जिंकले. रिलेत तिघा साथीदारांसह १० मिनिटे ४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बोट उलटली, तेव्हा लाटांवर स्वार होण्याच्या आपल्या फळीवरून त्याने ८ जणांचे प्राण वाचवले. १९६८ साली तो वारला.

मला मात्र ती रिलेच राहून राहून आठवते. पहिल्याचा हात भिंतीला लागल्याखेरीज दुसऱ्याला उडी घेता येत नाही. गेल्या वर्षी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा कॉलेज सोडणार होतो. आमच्या घरातून इथवर आलेला मी पहिलाच. पण आधीची फेरी वडिलांनी रोजंदारीवर पुरी केली आहे. धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. ती काठावर उभी आहे.