वॉर्डापर्यंत सोबत : रमाबाई रानडे

जबलपूरच्या कमानिया गेटखालून तुम्ही कधी ना कधी गेला असाल. 1939 साली त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची ती आठवण. नेत्यांसाठी कमानी उभ्या राहतात. रमाबाई रानडे यांचे नेतृत्व पाहायचे तर मात्र पुण्याच्या ससून रुग्णालयात जावे लागेल.

त्यांचा जन्म 1862 साली सांगलीकडील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांनी टोमणे मारायला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, शिकणेही सोडले नाही. हे घर लक्षात ठेवा. शिकणाऱ्या बाईला काय सोसावे लागते, ते त्या तिथे शिकल्या.

1901 साली न्यायमूर्ती गेले. 1909 साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि पुढे तिथल्या स्त्रियांना ससूनमध्ये नर्सचे शिक्षण मिळू लागले. आज यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा? परक्या पुरुषाची जखम धुवायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे. विधवा लेकीला तिथे कोण पाठवणार? तिच्या नावाला बट्टा लागला तर सासर-माहेर दोन्ही तुटायचे.

रोग्याची शुश्रूषा ससूनमध्ये शिकवली जाणार होती. रमाबाईंनी त्याआधीचे काम अंगावर घेतले. मुलींची आणि घरच्यांची समजूत काढायची, राहण्याची सोय पाहायची, धीर द्यायचा. स्वतः त्या फळे, फुले, पुस्तके घेऊन रुग्णालयात रोग्यांना भेटत, तुरुंगातल्या स्त्रियांकडेही जात. जिथे जायला त्यांना कमीपणा वाटत नव्हता, तिथेच त्या मुलींना पाठवत होत्या.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नेतृत्वाच्या व्याख्या आम्ही परीक्षेपुरत्या पाठ करतो. त्यांत हे काम कुठे बसवावे, मला कळत नाही.

तुम्ही नर्सिंग शिकवत असाल, तर पहिल्या रात्रपाळीनंतर वर्गात आलेली मुलगी तुम्ही पाहिली असेल. हजेरी घेण्याआधी तिला काही विचारता का? ती जेवली का, वॉर्डात कुणी तिला बोलले का?

1924 साली रमाबाईंचे निधन झाले. अखेरच्या वर्षांतही त्या सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन यात्रेच्या दिवसांत आळंदीला जात, वारकऱ्यांच्या सेवेसाठी.