खापरखवल्यांचा कर्नल

रिचर्ड हेन्री बेडोम याने वकिलीकडे वळावे अशी घरच्यांची इच्छा होती. १८३० साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाने ती मानली नाही. १८४८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मद्रास इलाख्यात आला. पलटणीत राहिला असता तर आज त्याचे नाव कोणाला आठवले नसते. पण १८५७ मध्ये त्याची नेमणूक डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांच्या हाताखाली झाली. क्लेगहॉर्न पेशाने डॉक्टर आणि मद्रासच्या वनखात्याचे पहिले प्रमुख. औषधे झाडापाल्यातूनच यायची, त्यामुळे त्या काळी डॉक्टरला वनस्पतिशास्त्र यावेच लागे. १८६० मध्ये बेडोम त्यांच्या जागी आला आणि १८८२ पर्यंत तिथेच राहिला.

झाडे आणि नेचे यांवरचे त्याचे जाडजूड सचित्र ग्रंथ वनस्पतितज्ज्ञ अजूनही उघडतात. मात्र या बड्या अधिकाऱ्याचा जीव जडला तो एका उपेक्षित प्राण्यावर. मराठीत त्याला खापरखवल्या म्हणतात. टोकदार डोके, बारीक डोळे, गुळगुळीत चकाकणारे अंग. अनेक जातींत शेपूट तिरके कापल्यासारखे आणि खरखरीत असते. त्यावर माती चिकटते आणि बिळात शिरताना मागे बूच बसते. मानेजवळचे स्नायू दीर्घकाळ न थकता काम करणारे, आपल्या हृदयाच्या स्नायूंसारखे प्राणवायू वापरण्यात तरबेज. गांडुळे खाऊन राहणारा हा साप अंडी न घालता पिलांना जन्म देतो. भारत आणि श्रीलंका सोडून तो जगात कुठेही नाही.

तो पूर्ण बिनविषारी आहे. तरीही ‘दुतोंड्या’ म्हणून ठेचला जातो. पावसाळ्यात सर्पदंशाच्या वॉर्डात नातेवाईक पिशवीत मेलेला साप घेऊन येतात, तेव्हा त्यात असा एखादा गरीब जीवही असू शकतो. जिवाला धोका असतो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यापासून. साप शोधून मारण्यात गेलेला वेळ उपचारातून वजा होतो.

बेडोमने निलगिरी, वायनाड, अण्णामलईच्या ओल्या जंगलांतून हे साप गोळा केले, नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि अनेक नव्या जातींची वर्णने लिहिली. १८८६ मध्ये त्याने भारत व श्रीलंकेतील या सापांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पुढची कित्येक दशके काही जातींबद्दलची बरीचशी माहिती त्याच्याच बरण्यांतून मिळत राहिली. ज्या खात्याचा तो प्रमुख होता, त्याच्यावर जंगल राखण्याबरोबरच लाकडाचे उत्पन्न मिळवण्याचीही जबाबदारी होती, हेही विसरता येत नाही.

आज या सापांची खरी अडचण मोजणीची आहे. वाघासाठी कॅमेरा लावता येतो, बेडूक आवाजावरून ओळखता येतो. मातीखालचा साप मात्र ओंडके उलथून, जमीन खणून शोधावा लागतो, किंवा पावसात रस्त्यावर गाडीखाली चिरडलेला सापडतो. म्हणून लाल यादीत यांतील कितीतरी जाती ‘अपुरी माहिती’ या वर्गात पडून आहेत. रक्ताचा रिपोर्टच आला नसेल तर रुग्णाला ठणठणीत म्हणत नाहीत, तसेच हे. जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले, फवारणी वाढली, माती तापून सुकली, की गांडुळे कमी होतात आणि साप वरून कोणाला न कळता संपू शकतो. काही जाती बागांत, वाड्यांत तग धरतात. सगळ्यांना ते जमेल असे मात्र धरून चालता येत नाही.

बेडोम १९११ मध्ये लंडनमध्ये वारला. त्याने १८७१ मध्ये वर्णन केलेल्या एका काळ्या, ठिपकेदार जातीत महाराष्ट्र-गोव्याकडचे सापही धरले जात. ते वेगळे असल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले आणि नव्या जातीला पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव मिळाले. त्याच कुळातली, बेडोमनेच १८७० मध्ये नोंदवलेली वायनाडची दुरेघी काळी जात मात्र अजूनही अगदी मोजक्या नमुन्यांवरूनच ठाऊक आहे. लाल यादीत ती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली आहे.