लुई बूताँ आणि त्यांची तांब्याची पेटी

तुमच्यापैकी अनेकांनी सातपाटीचे बंदर पाहिले असेल. बोईसर किंवा तारापूरला राहणाऱ्या मुलांना चिंचणीचा किनाराही ठाऊक असेल. भरतीच्या वेळी तेथील पाण्याकडे नीट पाहिले आहे का? ते गढूळ, मातकट दिसते. कंबरभर पाण्यात उभे राहिलो, तरी आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. मग पाण्याच्या तळाशी काय आहे, हे कसे कळणार? जाळ्यात पापलेट आला, बोंबील आला, म्हणजे ते खाली होते एवढेच आपण समजतो. ते तेथे कसे राहतात, हे डोळ्यांनी कोण पाहणार?

असा प्रश्न सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच शास्त्रज्ञाला पडला. त्यांचे नाव लुई बूताँ. समुद्राच्या तळाशी स्वतः उतरून छायाचित्रे घेणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते.

बूताँ यांचा जन्म १८५९ साली फ्रान्समधील व्हर्साय या गावी झाला. त्यांचा विषय प्राणिशास्त्र. तरुणपणीच, १८८० साली, मेलबर्न येथील मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि तेथील प्राण्यांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे शिंपल्यांच्या आणि गोगलगाईंच्या जातीच्या समुद्री प्राण्यांकडे त्यांचे लक्ष वळले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्पेनच्या सीमेजवळ, बान्यूल्स नावाचे गाव आहे. तेथे आरागो प्रयोगशाळा ही समुद्री जीवांच्या अभ्यासाची संस्था होती. बूताँ तेथे काम करू लागले.

हे प्राणी जाळ्यातून वर काढून पाहणे बूताँ यांना पुरेसे वाटेना. ते पाणबुड्याचा पोशाख घालून स्वतः पाण्यात उतरू लागले. त्या काळचा तो पोशाख म्हणजे एक ओझेच होते. डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण, पायात शिशाचे जोडे आणि वर बोटीवर पंप मारून नळीने हवा पाठवणारी माणसे! नळी तुटली किंवा पंप थांबला, तर जीव धोक्यात. पण खाली गेल्यावर त्यांना जे दिसले, त्याने ते थक्क झाले. वर आल्यावर ते दृश्य शब्दांत सांगता येईना. चित्र काढावे, तर पाण्यात कागद कसा टिकणार? तेव्हा छायाचित्र घ्यावे, असे त्यांच्या मनात आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाण्याखाली कॅमेरा सोडण्याचा प्रयत्न करणारे बूताँ हे पहिलेच नव्हते. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम थॉम्प्सन यांनी एका पेटीत कॅमेरा ठेवून तो बोटीतून खाली सोडला होता. पण ते स्वतः बोटीतच राहिले. त्यांच्या पेटीत पाणी शिरले आणि चित्र अगदी पुसट आले. त्यानंतर तो प्रयत्न बाजूलाच पडला.

पेटीत पाणी का शिरले? कारण पाण्याला वजन असते. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब वाढतो. आता तुम्हीच हिशेब करा. पेटीचे झाकण २० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे, असे समजा. त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे दहा मीटर खोल गेल्यावर त्या झाकणावर ४०० किलोग्रॅमचा भार पडतो! इतक्या भाराने बारीकशा फटीतूनही पाणी आत घुसते. ते थांबवायचे, तर पेटीचे पत्रे खूप जाड करावे लागतात. मग पेटी इतकी जड होते की पाणबुड्याला ती हलवताही येत नाही.

बूताँ यांना तर हातात धरून नेता येईल अशी लहान पेटी हवी होती. या कामी त्यांचे भाऊ ऑगस्त त्यांच्या मदतीला आले. ऑगस्त हे अभियंता होते. बाजारात मिळणारा एक लहान कॅमेरा त्यांनी निवडला. त्यात एका वेळी अनेक काचा ठेवता येत. त्या काळी फिल्म नव्हे, तर काचेवर छायाचित्र घेत असत. या कॅमेऱ्यासाठी त्यांनी तांब्याची पेटी बनवली. पेटीला काचेच्या खिडक्या होत्या आणि काच बदलण्यासाठी बाहेरून फिरवायच्या कळा होत्या.

आणि दाबाचे काय? त्यावर त्यांनी फार सुंदर युक्ती शोधली. त्यांनी हवेने भरलेला एक रबरी फुगा नळीने पेटीला जोडला. पेटी जसजशी खोल जाई, तसतसा पाण्याचा दाब फुग्यावर पडे. फुगा चेपला जाई आणि त्यातील हवा पेटीत शिरे. त्यामुळे बाहेर जेवढा दाब, तेवढाच आतही होई. दोन्हीकडे सारखेच बळ असल्यावर पाणी आत शिरेल कशाला? आता जाड पत्र्याची गरजच उरली नाही. मला विचाराल, तर बूताँ बंधूंच्या साऱ्या कामात हा फुगाच सर्वांत मोलाचा आहे.

१८९३ साली बूताँ ही पेटी घेऊन बान्यूल्सच्या समुद्रात उतरले. आपल्या समुद्रापेक्षा तेथील पाणी पुष्कळ स्वच्छ असते. तरीही पाण्याखाली उजेड कमीच. एका छायाचित्रासाठी कधी कधी अर्धा अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवावा लागे. तेवढा वेळ पेटी जराही हलून चालत नसे. तळाची माती ढवळली गेली, तर चित्र धुक्यात घेतल्यासारखे येई. म्हणून बूताँ तळाशी निश्चल उभे राहत. वर बोटीतील माणसे पंप मारत राहत.

यापेक्षा अधिक उजेड हवा होता. पाण्यात दिवा कसा लावायचा? प्रथम एका काचेच्या गोळ्यात प्राणवायू भरला आणि आत मॅग्नेशियमची तार ठेवून ती विजेने पेटवली. लख्ख प्रकाश पडला. पण उष्णतेने गोळे फुटू लागले. मग दुसरा उपाय केला. प्राणवायू भरलेले सुमारे २०० लिटरचे एक पिंप घेतले. त्यावर काचेच्या घुमटात स्पिरिटचा दिवा ठेवला. रबरी चेंडू दाबला की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडे आणि क्षणभर वीज चमकल्यासारखा प्रकाश होई. परंतु २०० लिटरचे पिंप तेवढेच पाणी बाजूला सारते. ते बुडवायचे, तर २०० किलोग्रॅमपेक्षा जास्त वजन बांधावे लागणार! हातात मावणारा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर हा डोलारा, अशी गंमत झाली.

बूताँ यांचे सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे समजू नका. पाणी आत येतेच, तर येऊ द्यावे, असा विचार करून त्यांनी दुसरा कॅमेरा बनवला. त्यात काचेला पाणी लागतच असे. तो प्रयोग फसला. तिसरा कॅमेरा त्यांनी मोठा केला. त्याची चित्रे मोठी आणि स्पष्ट येत. पण तो इतका जड होता की दोरखंडाने खाली सोडावा लागे आणि वजन हलके व्हावे म्हणून त्याला रिकामे पिंप बांधावे लागे. लहान पेटी सोयीची पण चित्र लहान, मोठी पेटी गैरसोयीची पण चित्र उत्तम. बूताँ यांनी दोन्ही वापरून पाहिल्या. १८९९ साली त्यांनी विजेचे दिवे पाण्यात सोडले आणि वर बोटीत बसून, विजेच्या साहाय्याने कॅमेऱ्याची कळ दाबून, ५० मीटर खोलीवरचे छायाचित्र घेतले. त्याच सुमारास रोमानियाचे शास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचे पाणबुड्याच्या पोशाखातील छायाचित्रही त्यांनी पाण्याखाली टिपले. ते आजही पुस्तकांत पाहायला मिळते. १९०० साली बूताँ यांनी या साऱ्या अनुभवांवर एक ग्रंथ लिहिला.

पाण्यातील छायाचित्रात आणखी एक अडचण असते. घरी एक प्रयोग करून पाहा. रिकाम्या वाटीत नाणे ठेवा आणि ते कडेआड जाईपर्यंत मागे सरका. आता कोणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागेल. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे असे होते. इब्न अल्-हैसम यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘किताबुल मनाज़िर’ या ग्रंथात प्रकाशाच्या अशा वागण्याचा विचार केला होता. पेटीच्या सपाट काचेतून पाहिले, की वस्तू खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात. म्हणून आजकाल पुष्कळ पेट्यांना घुमटासारखी फुगीर काच बसवतात.

आज डिजिटल कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेट्या तयार मिळतात. त्या ॲल्युमिनियमच्या किंवा मजबूत प्लॅस्टिकच्या असतात आणि जोडाच्या जागी रबरी कडे असते. पण निवड करताना प्रश्न तेच येतात. पेटी कॅमेऱ्याला घट्ट बसेल एवढी लहान असावी, म्हणजे पोहताना पाणी तिला अडवत नाही. समजा, पेटी पाच लिटर पाणी बाजूला सारते आणि कॅमेऱ्यासकट तिचे वजन चारच किलोग्रॅम आहे. मग ती हातातून वर निसटू पाहणार. फार लहान असेल, तर जाड हातमोजे घातलेल्या बोटांना कळा सापडत नाहीत. अनुभवी माणसे कॅमेरा आत ठेवण्याआधी रिकामी पेटी पाण्यात बुडवून पाहतात. रबरी कड्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला, तरी पाणी आत जाते.

पाण्यातील कॅमेरा समुद्रातच लागतो असेही नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, हे तुम्हांला माहीत आहे. अणुभट्टीतून काढलेले इंधन खोल पाण्याच्या हौदात ठेवतात. पाणी त्याची उष्णता शोषून घेते आणि घातक किरणेही अडवते. जगभर अशा हौदांत जवळून पाहणी करायची असेल, तर पाण्यात कॅमेरा सोडतात.

बूताँ यांनी पुढे छायाचित्रण मागे ठेवले आणि ते मोत्यांकडे वळले. जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढवण्याचा धंदा उभा केला होता. हे मोती पॅरिसला पोहोचले तेव्हा जवाहिरे चिडले आणि त्यांना खोटे म्हणू लागले. बूताँ यांनी ते मोती तपासले. शिंपला दोन्ही प्रकारचे मोती सारख्याच रीतीने घडवतो, असे त्यांचे मत पडले. व्यापाऱ्यांना ते आवडणारे नव्हते; पण बूताँ यांनी ते मोकळेपणाने मांडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात दोघा भावांनी मिळून वरच्या पंपावाचून पाण्यात श्वास घेता येईल असे उपकरणही तयार केले होते. बूताँ यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे अल्जीरियाच्या किनाऱ्यावर, मासे आणि समुद्री जीव यांच्या अभ्यासात गेली. तेथेच १९३४ साली त्यांचे निधन झाले.