कै. दुर्गाबाई खोटे

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजामाता, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपल्या भगिनींनी पूर्वी लिहिलेच आहे. या खेपेस मी एका नटीवर लिहिणार असे सांगताच बैठकीत दोघीतिघी हसल्या. त्या हसल्या म्हणूनच माझा निश्चय पक्का झाला. कारण दुर्गाबाईंच्या वाट्याला १९३१ साली असेच हसणे आले होते, आणि ते याहून फार कडू होते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव लाड, वडील सॉलिसिटर. मुलीला त्यांनी चांगल्या इंग्रजी शाळेत घातले आणि पुढे कॉलेजातही पाठविले. त्या काळी हे किती घरी होत असेल? लग्न झाले तेही खोट्यांच्या श्रीमंत घराण्यात. परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरची संपत्ती गेली, पदरी बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे, आणि तरुणपणीच वैधव्यही आले. कोणाच्या अन्नावर राहायचे नाही एवढे मात्र त्यांनी ठरविले होते. प्रथम शिकवण्या केल्या. मग सिनेमात काम चालून आले.

आजच्या मुलींना यात काही विशेष वाटणार नाही. पण दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामतीचे काम करावयास त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. पुढे बायका सिनेमात आल्या, परंतु घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातील मुलीने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला काळिमा, हीच समजूत होती.

दुर्गाबाईंचा पहिला चित्रपट फरेबी जाल. काम अगदी लहान. चित्रपट लोकांना आवडला नाही आणि बोल लागला तो या घराण्यातल्या सुनेला. नातेवाईक बोलले, परकेही बोलले. अशा वेळी आपण काय केले असते? मी असते तर दारोदार जाऊन खुलासे करीत बसले असते, नाहीतर काम सोडून घरात तोंड लपविले असते. दुर्गाबाईंनी दोन्ही केले नाही. त्या पुढच्या कामाला लागल्या.

हे पुढचे काम आपल्या जवळचेच, कोल्हापूरचे. तेथील प्रभात कंपनीच्या शांतारामबापूंनी त्यांना अयोध्येचा राजा या बोलपटात तारामतीचे काम दिले. कोल्हापूरला आगगाडीने जायचे तर मिरजेवरूनच जावे लागते, तेव्हा गाडीने गेल्या असतील तर त्या आपल्या कुपवाडच्या शेजारूनच गेल्या म्हणायच्या. हा बोलपट १९३२ साली मराठीत आणि हिंदीतही निघाला. हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंब्यांनी केले होते. त्या वेळी गाणेही नटानटींना काम करता करताच म्हणावे लागे, मागून दुसऱ्याचा आवाज जोडण्याची सोय नव्हती. राजवैभव गेले, दासी व्हावे लागले, पोर हातचे गेले, तरी सत्त्व सोडायचे नाही, ही तारामतीची कथा आपण कीर्तनात ऐकतो. घरच्या पडत्या काळातून नुकत्याच आलेल्या दुर्गाबाईंना ती कोणी समजावून सांगावी लागली नसेल असे मला वाटते. त्यानंतर लोकांचा सूर बदलला. घरंदाज घरांतल्या मुलींना सिनेमाचा दरवाजा उघडला तो या बाईंमुळे, असे आजही लिहिले जाते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्याकडे औद्योगिक वसाहत आहे. एखादी सून कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाऊ लागली आणि रात्री उशिरा घरी येऊ लागली, की ओट्यावर कुजबूज सुरू होते. आमच्या गल्लीतल्या अशाच एका मुलीविषयी काही वर्षांपूर्वी मीही बोलले होते. ती माझ्याशी कधी भांडली नाही. डबा घेऊन जात राहिली. तिने त्या पगारावर दिराचे शिक्षण केले, आणि मला रस्त्यात भेटली की तीच आधी बोलते. दुर्गाबाईंचे चरित्र वाचताना ती मुलगी सारखी डोळ्यांसमोर येत होती.

परंतु दुर्गाबाई भांडायच्याच नाहीत असे कोणी समजू नये. त्या काळी नटनट्या एकेका कंपनीच्या पगारी नोकर असत. करार झाला की मालक सांगेल ते काम करायचे, दुसरीकडे जायचे नाही. दुर्गाबाईंनी हे बंधन मानले नाही. प्रभातमधून त्या कलकत्त्याला गेल्या, तेथे राजरानी मीरा आणि सीता हे चित्रपट केले. सीता चित्रपटात पृथ्वीराज कपूर राम होते. मग पुन्हा प्रभातमध्ये येऊन १९३६ साली अमर ज्योती केला. त्यात त्या अन्याय सहन न होऊन समुद्रावर लुटारू झालेली राणी आहेत. १९३७ साली तर साथी नावाचा चित्रपट त्यांनी स्वतःच काढला. आपले काम आपण निवडायचे, या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. लोकांच्या बोलण्यावर जी शक्ती खर्च केली नाही ती येथे लावली.

वयाशीही त्या भांडल्या नाहीत. मला तर हे सर्वांत अवघड वाटते. १९४१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पायाची दासीमध्ये त्यांनी खाष्ट सासू केली. नायिकेचे काम करणारी कोणती बाई या वयात आपण होऊन सासू होईल? पुढल्याच वर्षी भरत भेटमध्ये कैकेयी झाल्या. दोन्ही कामांना बंगालच्या चित्रपत्रकारांनी पारितोषिके दिली. रंगभूमीवर आपल्या सांगलीच्या खाडिलकरांच्या भाऊबंदकीत त्या आनंदीबाई झाल्या. १९६० साली आलेल्या मुगल-ए-आझममधील जोधाबाई तर आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली असेल. एकीकडे नवरा, दुसरीकडे मुलगा, आणि दोघे लढायला निघालेले. मी तो चित्रपट चार वेळा पाहिला. पहिल्या तीन वेळा मधुबालेकडेच पाहत होते. घरात मुलगा मोठा झाल्यावर चौथ्यांदा पाहिला, तेव्हा मात्र जोधाबाईवरून नजर हलली नाही.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९६८ साली पद्मश्री, १९७४ सालच्या बिदाई चित्रपटासाठी फिल्मफेअर पारितोषिक, आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा! घरात मात्र दुःख संपले नाही. मुलगा हरीन तरुणपणीच वारला. पडद्यावर खाष्ट सासू झालेल्या दुर्गाबाईंची ही सून म्हणजे पुढे नाट्यदिग्दर्शिका म्हणून नावाजलेल्या विजया मेहता. दोन लहान मुलगे पदरी असताना त्याही विधवा झाल्या. एकाच घरात दोन पिढ्यांना तेच भोगावे लागले, आणि दोघींचेही काम थांबले नाही.

दुर्गाबाईंनी आपले आत्मचरित्र १९८२ साली लिहिले. मी, दुर्गा खोटे असे त्याचे नाव आहे. भगिनींनी ते अवश्य वाचावे, भाषा मुळीच अवघड नाही. ५० वर्षांत सुमारे २०० चित्रपटांत कामे केल्यावर त्या स्वस्थ बसल्या असत्या तरी चालले असते. परंतु त्यांनी स्वतःची कंपनी काढून जाहिरातींचे आणि माहितीचे लहान चित्रपट बनविले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९८८ साली, दूरदर्शनवर वागळे की दुनिया ही मालिका लागत असे. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी आम्ही मुले जमिनीवर दाटीवाटीने बसून ती पाहायचो. सामान्य कारकुनाच्या संसारातल्या त्या गमती पाहून आमच्या आया पदर तोंडाला लावून हसत. ती मालिकाही दुर्गाबाईंच्याच कंपनीने काढलेली होती. तेव्हा त्यांचे वय ८३ होते.