पाचशे ओंडके

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ दगा देतात. पण संपादक मंडळातल्या मित्राने मेसमध्ये गाठलं आणि नाही म्हणायची सोय राहिली नाही. चूकभूल माफ करा, गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे.

आमच्या विंगमध्ये अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटचा एक मुलगा आहे. फर्स्ट इयरला सगळे त्याला चिनी म्हणायचे. मीसुद्धा. तो हसून सोडून द्यायचा. सर्व्हेइंगच्या सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेली, तेव्हा गॅलरीत बसून तो त्याच्या सियांग नदीबद्दल बोलत होता. बोलता बोलता किंथुप हे नाव आलं. मी सिव्हिलचा, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. नंतर लायब्ररीत बसून वाचत गेलो आणि थक्क झालो.

किंथुप मूळचा सिक्कीमचा. दार्जिलिंगला शिंपीकाम करायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काळी भूगोलातलं एक मोठं कोडं होतं. तिबेटमधली त्सांगपो नदी पूर्वेकडे वाहत जाते आणि हिमालयाच्या खोल घळीत गडप होते. इकडे आसामात डोंगरातून दिहांग, म्हणजेच सियांग, उतरते आणि पुढे ब्रह्मपुत्रा होते. या दोन्ही नद्या एकच का? इंग्रजांना तिबेटमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून सर्व्हे ऑफ इंडिया इथलीच माणसं वेष पालटून पाठवत असे.

1880 मध्ये कॅप्टन हरमनने एका चिनी लामाला या कामावर धाडलं आणि किंथुपला त्याचा नोकर म्हणून सोबत दिलं. प्लॅन साधा होता. वर तिबेटमध्ये नदीत खुणा केलेले ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसांनी लक्ष ठेवायचं. ओंडके आले की नदी एकच!

लामा मात्र बिलंदर निघाला. त्याने वाटेत चैन केली आणि 1881 मध्ये एका गावी किंथुपला चक्क गुलाम म्हणून विकलं. स्वतः पसार! किंथुप कित्येक महिन्यांनी तिथून निसटला. माणसं मागावर होती, तेव्हा मारपुंगच्या मठात त्याने आसरा घेतला. तिथल्या मोठ्या लामाने 50 रुपये मोजून त्याला सोडवलं. म्हणजे मालक तेवढा बदलला.

आपण असतो तर सरळ घरचा रस्ता धरला असता. साहेब दूर, पगार नाही, विचारणारं कोणी नाही. किंथुपने तीर्थयात्रेच्या नावाखाली सुट्टी घेतली, पाचशे ओंडके तयार केले आणि लपवून ठेवले. मग दुसरी सुट्टी घेऊन तो ल्हासाला गेला. तिथे एका ओळखीच्या माणसाकडून पत्र लिहवून घेतलं, अमुक तारखेपासून रोज 50 ओंडके सोडतो म्हणून, आणि ते दार्जिलिंगला रवाना केलं. नंतर परत मठात येऊन त्याने आणखी नऊ महिने चाकरी केली. तेव्हा कुठे लामाने त्याला मोकळं केलं. ठरल्या दिवशी तो नदीवर गेला आणि दहा दिवस रोज 50 ओंडके सोडत राहिला.

खाली बघायला कोणीच नव्हतं. पत्र वेळेवर पोचलंच नाही. हरमन तब्येतीमुळे केव्हाच देश सोडून गेला होता. ट्रान्समीटर चालू, रिसीव्हर बंद! ओंडके समुद्राला मिळाले असणार.

1884 मध्ये किंथुप चार वर्षांनी परतला. त्याने तोंडी सांगितलेला वृत्तांत दुसऱ्यांनी उतरवून घेतला, भाषांतर केलं. त्यात नदीवर 150 फुटांचा धबधबा असल्याचं छापून आलं. त्याच्या एकूण हकिकतीवर अनेकांचा विश्वास बसेना. तो पुन्हा शिंपीकामाला लागला.

1911 मध्ये सियांगच्या खोऱ्यात विल्यमसन हा इंग्रज अधिकारी मारला गेला. त्यावरून आदी लोकांवर फौज चालून गेली. फौजेमागून सर्व्हेवालेही आत शिरले. 1913 मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोघे त्सांगपोच्या घळीत पायी फिरले. किंथुपने सांगितलेली गावं जिथल्या तिथे सापडली. धबधबा मात्र जेमतेम 30 फुटांचा. पुढे बेलीने किंथुपला शोधून काढलं, तेव्हा उलगडा झाला. 150 फुटांचा धबधबा दुसऱ्याच एका ओढ्यावरचा होता. लिहून घेणाऱ्यांनी घोळ केला होता आणि बिचाऱ्याला ते वाचताही येत नव्हतं. बेलीने त्याच्यासाठी पेन्शन मागितलं. सरकारने एकरकमी बक्षीस देऊन विषय मिटवला. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारला.

बेली-मॉर्सहेडची पाहणी 1914 मध्ये मॅकमहोन रेषा आखताना उपयोगी पडली. रेषेच्या अलीकडचा हा मुलूख 1954 मध्ये नेफा झाला. 1962 मध्ये चिनी सैन्य इथे घुसलं आणि परत गेलं. 20 जानेवारी 1972 ला तो अरुणाचल प्रदेश या नावाने केंद्रशासित झाला आणि 20 फेब्रुवारी 1987 ला पूर्ण राज्य. आज तिथे सियांगच्या नावाचे जिल्हे आहेत. किंथुपच्या नावाचा जिल्हा मला नकाशात दिसला नाही.

वाचताना मला आमचीच लाज वाटली. ज्याचं घर त्या नदीच्या काठी आहे, त्याला आम्ही दोन वर्षं चिनी म्हणत होतो, आणि तो कुठून आलाय हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी त्याला सॉरी म्हटलं. त्याने नेहमीसारखं हसून सोडून दिलं आणि सुट्टीत घरी यायचं आमंत्रण दिलं. पासीघाटला गेलो की आधी सियांगच्या काठावर जाऊन बसणार आहे. ओंडके काही येणार नाहीत, पण थोडा वेळ वर बघत राहीन म्हणतो.

– टी. ई. (सिव्हिल)