साठ गोलांच्या आधीचा डीन

इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल विभागात एका मोसमात सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम १९२८ साली नोंदला गेला आणि आजतागायत तो कुणालाही मोडता आलेला नाही. ३९ सामने, ६० गोल. प्रीमियर लीगच्या झगमगाटात, कोट्यवधी पौंडांची बोली लागलेले आघाडीपटू मोसमात तीस-पस्तीस गोल करतात तेव्हा त्यांचे सोहळे होतात. त्या पार्श्वभूमीवर हा आकडा छपाईतील चूक वाटावा असाच आहे. तो नोंदविणारा विल्यम राल्फ ऊर्फ 'डिक्सी' डीन तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता.

लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पैलतीरावर बर्कनहेड हे गोद्यांचे आणि कष्टकऱ्यांचे शहर वसलेले आहे. तेथे २२ जानेवारी १९०७ रोजी एका रेल्वे कामगाराच्या घरी डीनचा जन्म झाला. वडिलांनी लहानपणीच त्याला नदीपलीकडे गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा सामना दाखवायला नेले आणि मुलाचा संघ त्याच दिवशी ठरून गेला. पुढे तो एका सुधारगृहवजा औद्योगिक शाळेत दाखल झाला. कोणता गुन्हा हातून घडला म्हणून नव्हे, तर तेथे फुटबॉल खेळण्याची सोय चांगली होती म्हणून, आपण होऊन!

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो रेल्वेच्या शेडमध्ये उमेदवार फिटर म्हणून रुजू झाला. शेडमध्ये उंदरांचा सुळसुळाट असल्याने बाकीचे उमेदवार रात्रपाळीला नाखूष असत. डीनने ती आनंदाने पत्करली, कारण त्यामुळे दिवस फुटबॉलसाठी मोकळा मिळत असे. स्थानिक सामन्यांतील त्याचा खेळ पाहून १९२३च्या अखेरीस ट्रॅनमिअर रोव्हर्स या बर्कनहेडच्याच व्यावसायिक क्लबने त्याला करारबद्ध केले. तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात तो पहिला सामना खेळला, तेव्हा त्याने सतराव्या वर्षातून बाहेरही पाऊल टाकले नव्हते.

तिसऱ्या विभागातील बचावपटू तरण्याबांड आघाडीपटूचे स्वागत कसे करीत, याचा अनुभव त्याला लवकरच आला. राखीव संघाच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा जांघेत इतका जबर आघात बसला, की शस्त्रक्रिया करून त्याचे एक वृषण काढावे लागले. तेव्हा त्याचे वय होते १७ वर्षे. एवढ्यावर एखाद्याने रेल्वे शेडची वाट पुन्हा धरली असती. डीनने १९२४-२५च्या मोसमात २७ लीग सामन्यांत २७ गोल केले.

मोठ्या क्लबांचे दूत बर्कनहेडच्या वाऱ्या करू लागले. मार्च १९२५मध्ये एव्हर्टनचे सचिव टॉम मॅकिन्टॉश नदी ओलांडून आले, तेव्हा मात्र विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. तीन हजार पौंडांना हा सौदा झाला. त्या काळी खेळाडूच्या पगारावर आठवड्याला आठ पौंडांची कमाल मर्यादा होती. त्यामुळे हजारांची उलाढाल क्लबांपुरतीच राही, हेही येथे नमूद करायला हवे. आर्सेनलविरुद्ध लंडनमधील पदार्पणात एव्हर्टनचा पराभव झाला. गुडिसन पार्कवरच्या पहिल्याच सामन्यात, अॅस्टन व्हिलाविरुद्ध, मात्र त्याने गोल केला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या नियमात एक मोठा बदल झाला. तोवर आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यात प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू नसतील तर 'ऑफसाइड' दिला जाई; आता दोन पुरेसे ठरले. परिणाम तात्काळ दिसला. पहिल्या विभागातील गोलांची संख्या एका मोसमात १,१९२ वरून १,७०३ वर गेली. डीनच्या विक्रमाला कमी लेखणारे या बदलाकडे बोट दाखवितात. त्यात तथ्य आहे, पण नियम सर्वांसाठीच बदलला होता आणि साठ गोल एकानेच केले. नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमात त्याने ३८ सामन्यांत ३२ गोल केले.

आणि मग जून १९२६मध्ये उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलला भीषण अपघात झाला. कवटीला आणि जबड्याला अस्थिभंग. तब्बल ३६ तास तो बेशुद्ध होता. जगला तरी पुन्हा खेळणे शक्य नाही, असेच डॉक्टरांचे मत पडले. ज्याचे प्रमुख अस्त्रच डोके, त्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. डीन ऑक्टोबरमध्ये मैदानात परतला. लीड्सविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने गोल केला, तोही हेडरने! कवटीत बसवलेल्या धातूच्या पट्टीमुळे त्याच्या हेडरला धार आली, ही कथा पुढे अनेक वर्षे सांगितली गेली. ती दंतकथेतच शोभते. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच असताना उंचच उंच बचावपटूंच्या वर झेपावण्याची वेळ अचूक साधणे, हेच खरे त्याचे बळ होते.

त्या मोसमात एव्हर्टन बावीस संघांत विसाव्या स्थानावर राहून कशीबशी तरली. डीनने मात्र २७ सामन्यांत २१ गोल केले आणि फेब्रुवारी १९२७मध्ये, विसाव्या वर्षी, इंग्लंडकडून खेळला. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत १२ गोल! ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडला हरविणारे दोन्ही गोल त्याचेच होते. १९०४ नंतर इंग्लंडने तेथे विजय मिळविलेला नव्हता.

पुढचा मोसम १९२७-२८चा. मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅमसेलने आदल्याच वर्षी दुसऱ्या विभागात ५९ गोल केले होते. तीन सामने उरले असताना डीनला ते मागे टाकण्यासाठी नऊ गोल हवे होते. अॅस्टन व्हिलाविरुद्ध दोन झाले, बर्नलीत चार. ५ मे रोजी आर्सेनल गुडिसन पार्कवर आली तेव्हा एव्हर्टनचे विजेतेपद निश्चित झालेले होते. प्रेक्षक आले होते ते तीन गोल पाहायला. दोन गोल लवकर झाले, त्यातील एक पेनल्टीवर. त्यानंतर मात्र घड्याळ पुढे सरकत राहिले आणि चेंडू जाळ्यात जाईना. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना अॅलेक ट्रूपच्या कॉर्नरवर गर्दीतून एक डोके वर आले. साठावा गोल.

'डिक्सी' हे टोपणनाव त्याला अखेरपर्यंत रुचले नाही. निकटवर्तीयांसाठी तो बिलच राहिला. १९७६मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १ मार्च १९८० रोजी एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांच्यातील सामना पाहताना गुडिसन पार्कवरच हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ७३ वर्षे. २००१मध्ये मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला. एव्हर्टनच्या पुरुष संघाने २०२५मध्ये गुडिसन पार्क सोडले आणि मर्सीच्या काठावरच, जुन्या गोदीच्या जागी बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये मुक्काम हलविला. पलीकडच्या तीरावर बर्कनहेड आहे.